आजारी मांजरांची तीन घरे

गेल्या श्रावणात आमच्या जिन्याखाली एक बोका येऊन राहिला. डावा कान फाटलेला, हिरड्या लालभडक, आणि अंगावर जुन्या मारामाऱ्यांचे इतके व्रण की नातीने पहिल्याच दिवशी त्याचे नाव 'पैलवान' ठेवून टाकले. पशुवैद्य बाईंनी त्याच्या रक्ताचा थेंब एका पट्टीवर टाकला. थोड्या वेळाने पट्टीवर दोन रेघा उमटल्या, तेव्हा बाई म्हणाल्या, "याला एफ. आय. व्ही. आहे. ठेवून घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. घरात दुसरे मांजर आहे ना?"

होते. आमची मनी अकरा वर्षांची आहे. एफ. आय. व्ही. हा मांजरांच्या रोगप्रतिकारशक्तीला हळूहळू पोखरणारा विषाणू. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण मांजराकडून मांजराला होते. मी विचारात पडलेला पाहून आमची सौ. म्हणाली, "अहो, आधी त्याला आत तर घ्या, बाहेर पाऊस कोसळतोय. मग काय वाचायचे ते वाचत बसा." त्याप्रमाणे बोका मागल्या खोलीत गेला आणि मी वाचत बसलो. त्या वाचनातून हाती आली ती तीन घरांची हकीकत. तिन्ही घरे आजारी मांजरांची, तिन्ही आपल्यापासून दूरची. परंतु आमच्या मागल्या खोलीचा निकाल त्या घरांनीच दिला असे म्हटले पाहिजे.

पहिले घर स्कॉटलंडमधले. १९६०च्या सुमारास तेथील एका पशुवैद्याच्या लक्षात आले की, एकाच घरातली अनेक मांजरे एकामागून एक एकाच प्रकारच्या कर्करोगाने दगावत आहेत. कर्करोग हा काही पडशासारखा एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा रोग नव्हे, अशी त्या काळी सर्वसाधारण समजूत होती. कोंबड्यांतील एक गाठ विषाणूमुळे होते, हे न्यूयॉर्कच्या पेटन राउस यांनी १९११ सालीच दाखविले होते खरे. पण त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, पंचावन्न वर्षांनी! ग्लासगो विद्यापीठाच्या पशुवैद्यक शाळेतील विल्यम जॅरेट यांनी मात्र त्या घरातला योगायोग योगायोग म्हणून सोडून दिला नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मांजरांच्या गाठींमध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना विषाणूचे कण दिसले आणि १९६४ साली तो शोध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हाच मांजरांचा ल्युकेमिया विषाणू. तो मुख्यतः लाळेतून पसरतो. एकमेकांना चाटणारी, एका ताटलीत खाणारी मायाळू मांजरे त्याला आयतीच सापडतात.

१९७३ साली न्यूयॉर्कच्या विल्यम हार्डी यांनी हा विषाणू रक्तात ओळखण्याची परीक्षा सिद्ध केली. रोगी मांजर ओळखून बाजूला काढले की घरातली बाकीची वाचतात, हे त्यांनी दाखवून दिले. शोध मोठाच, हजारो मांजरे त्याने वाचली असतील. परंतु 'बाजूला काढणे' हे शब्द कागदावर जितके सौम्य दिसतात तितके प्रत्यक्षात नसतात. ज्याला घर आहे त्याला निदान दुसरी खोली मिळते. निवाऱ्यात आणलेल्या बेवारशी मांजराला दुसरी खोली कुठली? त्याला बहुधा शेवटची सुई टोचली जाई. वरून धडधाकट दिसणारे, मांडीवर येऊन घुरघुरणारे मांजरही त्या एका निकालावर संपे.

दुसरे घर कॅलिफोर्नियातल्या पेटालूमा गावचे. हे गाव एके काळी कोंबड्यांच्या अंड्यांसाठी प्रसिद्ध होते. तेथे एका मांजरप्रेमी बाईंनी बेवारशी मांजरांना आसरा दिला होता. मांजरे वेगवेगळ्या कुंपणांत राहत. १९८२ साली एका कुंपणात एक पिल्लू आले आणि पुढच्या काही वर्षांत त्याच कुंपणातली मांजरे झिजू लागली: तोंड येणे, जुलाब, सर्दी, वजन उतरणे. काही मेली. ल्युकेमियाची परीक्षा केली तर एकातही तो विषाणू नाही! डेव्हिस येथील विद्यापीठाचे नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी तपास केला तेव्हा १९८६ साली एक नवाच विषाणू हाती लागला. आजारी पंचवीस मांजरांपैकी दहांच्या रक्तात त्याची खूण होती; निरोगी अठरांपैकी फक्त एकाच्या. १९८७ साली 'सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झाले.

तो काळ माणसांतील एड्सच्या दहशतीचा. त्यामुळे या नव्या रोगाला 'मांजरांचा एड्स' हे नाव पडायला वेळ लागला नाही, आणि नावानेच निम्मे नुकसान केले. वास्तविक हा विषाणू नवा मुळीच नव्हता. १९६८ सालच्या साठवून ठेवलेल्या रक्तातही पुढे त्याची खूण सापडली. म्हणजे मांजरे त्याच्यासह पूर्वीपासून जगत होती, फक्त कोणाला पत्ता नव्हता. पत्ता लागला तेव्हा मरण्याचे आणखी एक कारण तयार झाले. त्यातही गोंधळ असा की, परीक्षा विषाणूची नसून त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची होती. बाधित आईच्या पिल्लात आईचीच प्रतिपिंडे काही महिने राहतात. पिल्लू निरोगी असूनही पट्टीवर रेघ उमटते. २००२ साली अमेरिकेत या रोगावर लस निघाली, तेव्हा लस टोचलेली मांजरेही परीक्षेत 'रोगी' ठरू लागली! पुढे ती लस तेथील बाजारातून गेली.

तिसऱ्या घराची गोष्ट मी दोनदा वाचली. ग्लासगोच्या डायान ॲडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सव्वीस मांजरांच्या एका बंद घरावर दहा वर्षे लक्ष ठेवले आणि २००० साली त्याचा वृत्तांत छापला. त्या घरात ल्युकेमिया होता, एफ. आय. व्ही. होता, शिवाय मांजरांचा करोना विषाणूही होता. म्हणजे कोणत्याही शहाण्या माणसाने दारावरूनच परत फिरावे असे ते घर. दहा वर्षांत काय झाले? ल्युकेमियाची सातही मांजरे पाच वर्षांच्या आत गेली. तो रोग खरोखरच क्रूर आहे, त्याबाबत वाद नको. पण एफ. आय. व्ही.ची बाधा असलेल्यांचे आयुष्य त्या बाधेमुळे काही कमी झाले नाही. कोणाच्या तरी हट्टामुळे ती जगत राहिली, म्हणून हे मोजता आले. पहिल्याच निकालावर संपविली असती तर मोजायला मागे काय उरले असते?

करोनाची बाधा सगळ्यांना होऊनही त्यातून होणारा एफ. आय. पी. हा जीवघेणा रोग फक्त एकाला झाला. त्या रोगावरचे औषधही पुढे पेटालूमावाल्या पेडरसन यांनीच आजमावले; २०१९च्या वृत्तांतात एकतीसपैकी पंचवीस मांजरे जगल्याची नोंद आहे. तोवर तो रोग म्हणजे मरणच होते.

मात्र त्याच तिसऱ्या घराच्या वृत्तांतात एक वाक्य असे आहे की त्यावर मी बराच वेळ थांबलो. आरंभी नऊ मांजरांना एफ. आय. व्ही. होता; पुढे आणखी सहांना तो झाला, आणि त्यांना कोणी चावल्याचा पुरावा नव्हता. हा विषाणू बहुतेक करून खोल चाव्यातून जातो, शांत व खच्ची केलेल्या मांजरांत धोका थोडा, असे सगळेच सांगतात आणि ते खरेच आहे. पण 'थोडा' म्हणजे 'मुळीच नाही' नव्हे. सौ.ला हे वाक्य वाचून दाखविले तेव्हा ती मनीच्या पाठीवरून हात फिरवीत काही वेळ गप्प बसली. नंतर म्हणाली, "मग त्या खोलीला जाळीचे दार लावून घ्या."

अमेरिकेतील मांजर-वैद्यांच्या संघटनेने २०२० साली आपल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की, केवळ परीक्षेच्या निकालावरून मांजराचा जीव घेण्याचा निर्णय करू नये. पशुवैद्य बाईंनी आम्हांला सांगितलेला आचारही साधाच आहे: बोका खच्ची करावा, घराबाहेर सोडू नये, कच्चे मांस देऊ नये, दर सहा महिन्यांनी तपासावे, आणि तोंडाकडे विशेष लक्ष ठेवावे.

पैलवानाचे सात दात काढावे लागले. आता तो उकडलेली, काटे काढलेली मासळी खातो आणि पूर्वीपेक्षा चवीने खातो. सुताराने जाळीचे दार गणपतीच्या आधी बसवून दिले. दुपारी मनी जाळीच्या अलीकडे येऊन बसते, हा पलीकडे. मध्ये वीतभर अंतर. पहिले काही दिवस ती फिसकारत असे, आता नुसतीच बघते. त्याची पुढची तपासणी माघात आहे. त्याच दिवशी मनीचेही रक्त तपासून घ्यायचे ठरविले आहे.