अमर शेख : आमच्या वाटेवरचा शाहीर

पिंपरी, भोसरी, चाकणच्या कुठल्याही मोहल्ल्यात मूळ गाव विचारावे, तर बार्शी, करमाळा, परांडा, लातूर अशी नावे ऐकू येतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर कारखाने आले आणि आमचे वाडवडील सोलापूर रस्त्याने एस.टी.त बसून इकडे आले. त्यांच्या कितीतरी आधी बार्शीचा एक तरुण असाच पोटासाठी घराबाहेर पडला होता. त्याचे नाव मेहबूब हुसेन पटेल. महाराष्ट्र त्याला शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो.

एका कामगार दिनाच्या कार्यक्रमात त्यांचे नाव निघाले, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी आम्हाला विचारले, "शेख? मग एवढे अस्सल मराठी कसे?" प्रश्न साधाच होता, पण तो आम्ही कारखान्याच्या गेटवर आणि भाड्याची खोली शोधतानाही ऐकला आहे. त्याचे उत्तर अमर शेखांच्या आयुष्यातच आहे.

त्यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत झाला. घरची गरिबी, त्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले. लोकगीतांचा वारसा मात्र आई मुनेरबीकडून मिळाला. हे मराठी त्यांना कुणी शिकवायला आले नव्हते, ते घरातच होते. आधी मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. स्वातंत्र्यलढ्यात उतरले, विसापूरचा तुरुंग पाहिला, गिरणीच्या संपात पुढे झाले. त्यानंतर कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत काही काळ काढून ते मुंबईला आले.

मुंबईत अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत १९४४ च्या सुमारास 'लाल बावटा कलापथक' उभे राहिले. अण्णाभाऊ वाटेगावचे, तेही पोटासाठीच मुंबईत आलेले. या रंगभूमीला पडदा नव्हता, तिकीट खिडकी नव्हती. चाळीसमोरचे मैदान, एक डफ, ढोलकी, तुणतुणे आणि समोर पाळी संपवून आलेले कामगार. तमाशाचा बाज जुनाच, पण राजा-प्रधानांच्या जागी सावकार, गिरणीमालक आणि मजूर आले. स्वातंत्र्यानंतर या कलापथकाच्या तमाशावर सरकारी बंदी आली. गाणे थांबले नाही.

१९५१ मध्ये त्यांचा 'अमरगीत' हा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक आले. पुढे 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे काव्यसंग्रह निघाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने सभा भारून टाकल्या. आचार्य अत्रे त्यांना महाराष्ट्राचे मायकोव्हस्की म्हणत. त्याच अत्र्यांच्या नावाचे रंगमंदिर आज पिंपरीत संत तुकारामनगरला आहे. तिथे जाताना आम्हाला अमर शेख हटकून आठवतात.

आता थोडे आमच्याविषयी. मोहल्ल्यात आम्ही मुशायरे भरवतो, गालिब आणि इक्बाल मुलांना सांगतो, आणि ते सांगायलाच हवे. पण मुनेरबीचा मुलगा आमच्या किती घरांत पोहोचला? बाहेरचे लोक त्यांचे शेखपण विसरतात आणि आम्ही त्यांचे मराठीपण. दोन्हीकडून तोटा आमचाच होतो.

शिवाय त्यांना 'आमचा माणूस' म्हणून मखरात बसवणेही त्यांना रुचले नसते. ते जातीधर्माची वेस ओलांडून श्रमिकांच्या बाजूने उभे राहिले. पण ती वेस ओलांडताना त्यांनी 'शेख' हे नाव टाकले नाही. मेहबूबचा 'अमर शेख' झाला, आणि त्याच नावाने लाखोंच्या सभेत मराठी गाणे गायले. आमच्या दृष्टीने या जीवनाचा अर्थ एवढाच, की मराठी असण्यासाठी आम्हाला काही सोडावे लागत नाही आणि कुणाची परवानगीही घ्यावी लागत नाही.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात त्यांचे निधन झाले. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. पण ईदला आणि दिवाळीला आम्ही गावी जातो, ते त्याच इंदापूरवरून. पुढच्या वेळी गाडी तिथून जाईल, तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाला एवढे तरी सांगू या, की बार्शीचा एक मेहबूब याच वाटेवर गेला आणि तो मराठीत गात असे.