जामीनदार

बँकेत पन्नास हजारांचं कर्ज मागा, जामीनदार आणा म्हणतो आम्ही. पोर सांभाळायला बाई मागा. एजन्सी आधारकार्डाची झेरॉक्स देते, आणि तीवरचा फोटो कुणाचाही वाटावा असा!

शिवशाहीत हे कसं जमलं पाहा. १४ मे १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाईंची प्रकृती तोळामासा. मग जवळच्याच कापूरहोळची धाराऊ गाडे दूधआई म्हणून आली. गाव माहीत, घर माहीत. पुढे तिचे मुलगेही राजांच्या चाकरीत आले. म्हणजे जामीनदार घरचेच! ५ सप्टेंबर १६५९ ला सईबाई वारल्या, तेव्हा सव्वादोन वर्षांच्या लेकराला आजी होती आणि धाराऊ होती.

२०१७ साली कायद्याने पन्नास माणसांच्या कचेरीला पाळणाघर सक्तीचं केलं. आमच्या पूर्णेच्या शाखेत शिपाई धरून नऊ! तेव्हा कॅशियरबाई पोराला शेजारच्या मावशींकडे ठेवतात. मावशींचे यजमान रेल्वेतून रिटायर झालेले, बिऱ्हाड गल्लीत सर्वांत जुनं. कागद एकही नाही. दुपारी फोन लावला की पोराचं भोकाड ऐकू येतं आणि मावशींचं ओरडणंही.

"दोन्ही ऐकू आलं," बाई म्हणतात, "की मी नोटा मोजायला मोकळी."