तंजावरचे सरफोजीराजे आणि आमच्या सासूबाईंचा मोतीबिंदू

मी शिकलेली सातवीपर्यंत. इतिहासावर लिहिण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु स्मरणिकेसाठी काहीतरी द्याच, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, आणि वर्षभर मनात एकच विषय घोळत आहे, तोच लिहिते.

आमच्या सासूबाईंच्या हातून तांदळात खडे राहू लागले, तेव्हा मी मनातून चिडत असे. त्यांना दिसत नाही, हे माझ्या ध्यानातच आले नाही! पुढे डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. शस्त्रक्रियेचे नाव काढताच त्या म्हणाल्या, "आमच्या आजीच्या डोळ्यात वैदूने सुई घातली, आणि होते तेही गेले. मला नको." मीही 'या वयात कशाला' म्हणून गप्प बसले. अशी दोन वर्षे गेली. एके दिवशी कांजूरमार्ग स्टेशनच्या पुलावरची शेवटची पायरी त्यांना दिसली नाही. त्या पडल्या आणि मनगट मोडले. दोष माझाही होता.

प्लास्टर घालून त्या पडून होत्या, तेव्हा मला तंजावर आठवले. रामेश्वराला जाताना आम्ही तेथे उतरलो होतो. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांच्या घराण्याची हकीगत मराठीत कोरलेली आहे. इतक्या दूर आपली भाषा पाहून ऊर भरून आला. तो लेख सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविला. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांचे हे वंशज. १७९८ साली ते गादीवर आले, आणि दुसऱ्याच वर्षी कंपनी सरकारने राज्याचा कारभार आपल्याकडे घेतला. पण हे राजे हात चोळीत बसले नाहीत. त्यांनी ग्रंथ जमविले आणि धन्वंतरी महाल उभारला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि विलायती, सगळ्या तऱ्हेचे उपचार होत, जनावरांचेसुद्धा. १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटाला त्यांनी आपल्या अन्नछत्रांविषयी पत्र लिहिले. छत्रात जेवणाबरोबर आजाऱ्यांना वैद्यही मिळे. आंधळ्यापांगळ्या म्हाताऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे?

डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे तर नवलाची. कोणाला काय झाले, काय उपचार केला, हे इंग्रजीत लिहिलेले आणि डोळ्यांची रंगीत चित्रे काढलेली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. राजे स्वतः मोतीबिंदू काढीत, असे सांगतात. मला वाटते, जवळ डॉक्टर उभे असणारच!

वैदूची सुई ही तरी आली कोठून? सुश्रुताच्या ग्रंथात ती आहे. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. सुईने ते बाजूला ढकलले की उजेड आत येई. परंतु भिंग डोळ्यातच राही, आणि सुई अस्वच्छ असली की डोळा पिकून जाई. आजींचे तेच झाले असावे. फ्रान्समध्ये दाव्हिएल नावाच्या वैद्याने १७४७ साली भिंग बाहेर काढून दाखविले. पण भिंग काढले की जाड चष्मा आलाच. शिवाय डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून रोगी कित्येक दिवस निजवीत. १९४९ साली लंडनच्या डॉक्टर रिडले यांनी प्रथमच डोळ्यात कृत्रिम भिंग बसविले. लढाईत विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात शिरत, आणि डोळा ते निमूट सोसतो, हे त्यांनी पाहिले होते. आपल्याकडे १९७६ साली सरकारने अंधत्वनिवारणाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि गावोगावच्या गरीब म्हाताऱ्यांपर्यंत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अधिक पोचू लागली.

हे सगळे सासूबाईंना सांगितले. भिंगाचे त्यांना फारसे कळले नाही. पण "भोसल्यांचा राजा? आणि तो म्हाताऱ्यांचे डोळे बघायचा?" असे दोनदा विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "विचार डॉक्टरांना, कधी येऊ?"

पाऊण तासही लागला नाही. संध्याकाळी आम्ही घरी आलो. पट्टी निघाल्यावर त्या प्रथम माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अगं, तुझे केस कधी पिकले?"

दुसरा डोळा दिवाळीनंतर व्हायचा आहे. तांदूळ त्याच निवडतात.