कोंडलेल्या वाऱ्याची वाट

माझ्या लहानपणी आमच्या आळीच्या टोकाला एका लोहाराची भट्टी होती. भाता ओढणारा पोरगा घामाघूम व्हावा आणि तरीही निखारा फुलू नये, असे कधी कधी होई. अशा वेळी म्हातारा लोहार कोळसा बदलत नसे, की पोरावर डाफरत नसे. भात्याच्या पोटाशी असलेली चामड्याची झडप तो आधी चाचपून पाही. "वारा गेला कुठं, ते आधी बघावं," एवढेच तो म्हणे. या वाक्याची खरी किंमत मला कळली ती पन्नास वर्षांनी, आणि तीही माझ्या भाच्याच्या मोटारीमुळे.

भाच्याने टर्बो बसवलेली एक जुनी पेट्रोल गाडी मोठ्या हौसेने घेतली होती. गेल्या पावसाळ्यात खंबाटकीच्या घाटात तिची ओढ एकाएकी कमी झाली. सपाटीवर ठीक चाले. पण चढ लागला की दम टाकी. एका गॅरेजात सांगण्यात आले, "टर्बो गेला. सबंध बदलावा लागेल." त्यांनी जो आकडा सांगितला, त्यात मुलीच्या कॉलेजच्या फीचे पैसे बुडणार होते. भाचा माझ्याकडे येऊन बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मामा, गाडी मिळेल त्या किमतीला फुंकून टाकू का?"

पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. त्याआधी हा टर्बो म्हणजे काय आणि तो आपल्या दारापर्यंत कसा आला, हे वाचकांनी ऐकावे अशी माझी विनंती आहे.

इंजिन हाही एका अर्थी भाताच. जेवढी हवा आत जाईल तेवढेच इंधन जळेल आणि तेवढीच शक्ती मिळेल. आता इंजिनातून जो तप्त धूर बाहेर पडतो, त्याच्यातही पुष्कळ जोर शिल्लक असतो. तो बिचारा फुकट जातो. या फुकट जाणाऱ्या जोरावर एक चाक फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक बसवावे, आणि त्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस एंजिनिअराला सुचली. त्याने तिचे पेटंट घेतले ते १९०५ साली. परंतु कल्पना सुचणे निराळे आणि ती चालणे निराळे. पहिले मोठे यश दिसावयास वीस वर्षे जावी लागली. १९२० च्या दशकात 'प्रॉयसेन' आणि 'हान्सेस्टाड्ट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी बोटींवर ब्यूखीची योजना बसवण्यात आली, तेव्हा १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले.

मधल्या काळात अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने हीच युक्ती आकाशासाठी वापरली. विमान उंच गेले की हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. मॉसने १९१८ साली आपले यंत्र पाइक्स पीक या सुमारे चौदा हजार फूट उंच पर्वताच्या माथ्यावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे लिबर्टी इंजिन तेथे २३० वर उतरले होते. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. बोट असो वा विमान, त्यांची इंजिने तासन् तास एकाच लयीत चालतात. समुद्रात कोणी म्हैस आडवी येत नाही आणि आकाशात सिग्नल लागत नाही. मोटारीचे तसे नाही. मोटार चालते ती माणसाच्या पायावर, आणि तो पाय घडीघडीला दाबला जातो, घडीघडीला उचलला जातो. टर्बोचा मोटारीतला सारा इतिहास म्हणजे या उचललेल्या पायाशी केलेली तडजोड होय, असे म्हणावयास हरकत नाही.

ही तडजोड पहिल्यांदा साधली नाही. १९६२ साली अमेरिकेत 'ओल्डस्मोबिल जेटफायर' ही टर्बोची मोटार विक्रीला आली. २१५ घन इंचांचे इंजिन आणि अश्वशक्तीही २१५. म्हणजे इंचाला एक! पण दाबलेल्या हवेमुळे इंजिन आतल्या आत ठोके देई. म्हणून पाणी आणि मेथॅनॉल यांचे मिश्रण एका टाकीतून पुरवावे लागे. मालक ती टाकी भरावयास विसरत. टाकी रिकामी झाली की एक संरक्षक झडप टर्बोचा जोर कमी करी, आणि मालक म्हणे, गाडी बिघडली. झडप आपले काम चोख करीत होती. ते कोणाला समजत नव्हते एवढेच. दोन वर्षांत दहा हजारांच्या आतच गाड्या निघाल्या, आणि पुढे तर टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय खुद्द कंपनीलाच करावी लागली.

रोजच्या वापरात टर्बो रुजवण्याचे श्रेय पुष्कळसे स्वीडनला जाते. साब कंपनीच्या पेर गिलब्रांड या एंजिनिअराने लहान टर्बो घेतला आणि जादा धूर आडवाटेने सोडणारी झडप त्याला जोडून कमी वेगातही ओढ मिळवली. १९७७ साली 'साब ९९ टर्बो' लोकांसमोर आली आणि टर्बो ही केवळ शर्यतीची चीज राहिली नाही.

ही झाली धुराच्या बाजूची झडप. हवेच्या बाजूलाही एक हवी. चालकाने पाय उचलला की इंजिनाच्या तोंडाशी असलेले थ्रॉटलचे दार मिटते. पण टर्बोचे चाक मिनिटाला लाखभर फेऱ्या घेत असते. ते तत्काळ कसे थांबणार? त्याने दाबलेली हवा मिटल्या दारावर आपटते आणि उलटून त्याच चाकाच्या पात्यांवर आदळते. चाकाचा वेग मरतो, बेअरिंगला हिसके बसतात. म्हणून या कोंडलेल्या वाऱ्याला एक वाट ठेवण्यात आली. तिचेच नाव डायव्हर्टर व्हॉल्व्ह. मुठीत मावेल एवढा डबा. आत स्प्रिंग, रबरी पडदा आणि त्याला जोडलेला दट्ट्या. पडद्यामागे इंजिनाकडून एक बारीक नळी येते. गाडी जोरात असते तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा, म्हणून स्प्रिंग वाट बंद ठेवते. पाय उचलला की नळीतून ओढ लागते, पडदा मागे सरतो, वाट उघडते आणि हवा गोल फिरून पुन्हा चाकाच्या तोंडाशी जाते.

सगळी मदार अशी त्या रबरी पडद्यावर. उष्णतेने आणि तेलाच्या वाफेने तो विरतो, एखाद्या दिवशी फाटतो. मग वाट बंद हवी असते नेमकी त्याच वेळी, चढावर, ती किलकिली होते. टर्बो त्याच त्या हवेला पुन्हा पुन्हा दाबत बसतो. १९९७ साली आलेल्या 'ऑडी एस४' या गाडीला दोन टर्बो होते आणि असे दोन व्हॉल्व्ह. त्यांचे पडदे फाटतात हे हौशी मालकांनी स्वतःच हुडकले, आणि त्याच घराण्यातल्या 'टीटी' गाडीचा अधिक दणकट व्हॉल्व्ह बसवण्याचा प्रघात पडला. आपल्याकडेही २००१ साली औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली, आणि पुढे टर्बो पेट्रोलची 'ऑक्टाव्हिया' आपले घाट चढू लागली. त्या शहराचे नाव आज छत्रपती संभाजीनगर आहे.

आता भाच्याच्या गाडीकडे वळू. तिचे घराणे निराळे, पण दुखणे तेच. साताऱ्याच्या एका वृद्ध मिस्त्रीने गाडी थंड होऊ दिली, दोन क्लिपा सैल केल्या आणि व्हॉल्व्ह हातात घेतला. अंगठ्याने दट्ट्या आत दाबला, बारीक नळीची तोटी दुसऱ्या हाताच्या बोटाने घट्ट बंद केली, आणि अंगठा काढून घेतला. "पडदा धड असला, तर दट्ट्या आतच राहणार. बघा हं काका," तो मला म्हणाला. आम्ही पाहत होतो. दट्ट्या हळूहळू बाहेर आला.

नवा व्हॉल्व्ह आला. त्याबरोबर उन्हाने तडकलेली बारीक नळीही मिस्त्रीने बदलली, आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून कोठे बुडबुडा येतो का ते पाहिले. सारा खर्च आधीच्या आकड्यापुढे किरकोळ होता. टर्बोचे चाक त्याने बोटाने फिरवून दाखवले. त्याला काही झालेले नव्हते.

घरी आल्यावर ही हकीकत मी सौभाग्यवतींना मोठ्या रंगात येऊन सांगितली. त्या चकल्या तळीत होत्या. त्या म्हणाल्या, "यात नवल ते काय? कुकरची शिट्टी होईना तर आम्ही आधी रिंग पाहतो. कुकर कोणी टाकून देतं का?"

मी त्यावर काही बोललो नाही. भाच्याच्या मुलीची फी वेळेवर भरली गेली आहे. या दिवाळीत ती मंडळी त्याच गाडीने घाट चढून आमच्याकडे येत आहेत.