खासगी शाळांची सुरक्षा : दाखले अनेक, उत्तरदायी कोण?

नवी दिल्ली : तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका खासगी शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालकांचा मृत्यू झाला. स्वयंपाकघरात भडकलेली आग शाकारलेल्या छपरापर्यंत पोहोचली आणि वरच्या मजल्यावरील मुलांना अरुंद जिन्यामुळे बाहेर पडता आले नाही. एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या. पुढे २०१४ मध्ये तंजावूरच्या न्यायालयाने १० जणांना दोषी ठरवले. त्यांत संस्थापकाबरोबरच शिक्षण खात्यातील कर्मचारी आणि एक अभियंताही होता. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांपैकी काहींची मुक्तता केली व संस्थापकाची जन्मठेप कमी केली.

या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या ‘अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार’ या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, हे त्याचे सार. शासकीय असो वा खासगी, प्रत्येक शाळेत अग्निशमन साधने बसवावीत, कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या निकषांवर इमारत तपासल्याखेरीज शाळेला मान्यता देऊ नये, असे निर्देश न्यायालयाने दिले.

त्याच वर्षी संमत झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेविना शाळा चालवता येत नाही. तसे केल्यास एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक दिवसासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १९ व त्याच्या अनुसूचीत सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी आणि आवारभिंत अथवा कुंपण यांची अट आहे. मात्र हा कायदा ६ ते १४ वयोगटापुरता आहे. गल्लोगल्ली निघालेले शिशुवर्ग त्याच्या कक्षेबाहेर राहतात आणि सर्वांत लहान, स्वतःहून बाहेर पळू न शकणारी मुले तेथेच असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांनाही सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या कायद्यातून वगळले. मेहरोत्रा निकालातील निर्देश मात्र त्यांनाही लागू राहतात.

खरी अडचण नियमांच्या अभावाची नाही. मान्यता राज्याचा शिक्षण विभाग देतो, संलग्नता परीक्षा मंडळ, अग्निसुरक्षेचा दाखला अग्निशमन दल आणि बसची योग्यता परिवहन कार्यालय. प्रत्येक जण आपला कागद तपासतो. संपूर्ण शाळा एकत्रितपणे पाहण्याची जबाबदारी सहसा कोणा एकाकडे नसते. त्यातच दाखला त्या दिवसाची स्थिती सांगतो. पुढे जिन्याखाली बाके रचली गेली किंवा मागचे दार कुलूपबंद झाले, तर कागदावर काहीच बदलत नाही.

ही पोकळी भरण्यासाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व निश्चित करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत इमारतीबरोबरच लैंगिक शोषण, शारीरिक शिक्षा, छळ आणि वाहतूक यांचाही समावेश आहे. तथापि त्यांचे स्वरूप सल्लावजा होते. महाराष्ट्रातील बदलापूर येथील खासगी शाळेतील अत्याचारांचे प्रकरण ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आल्यावर राज्य शासनाने खासगी शाळांसह सर्वत्र सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचे व कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचे आदेश काढले. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना २०२१ च्या तत्त्वांची अंमलबजावणी करण्यास सांगून देखरेखीचे काम राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाकडे सोपवले.

पालकांच्या हाती एक साधन आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न शाळांना इमारत सुरक्षा, अग्निसुरक्षा तसेच पाणी व स्वच्छता यांच्या दाखल्यांच्या प्रती आपल्या संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक आहे. प्रवेश घेताना शुल्काच्या तक्त्याबरोबर या दाखल्यांवरील मुदतीची तारीखही पाहता येते.