जुनी पिकअप सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी अर्थ तपासा

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटमार्गे गोव्याकडे रोज भाजी जाते. माल पहाटेपर्यंत पोचला तरच त्याला भाव मिळतो. अशा वेळी रात्री दोनला भरलेली पिकअप चावी फिरवल्यावर नुसतीच 'टक्' करून गप्प बसली, तर त्या दिवसाचा धंदा बुडालाच समजा. मग सकाळी पहिला खर्च होतो तो नव्या बॅटरीचा. आमच्या ओळखीच्या एका भाजीवाल्याने वर्षभरात दोन बॅटऱ्या घातल्या. शेवटी दोष निघाला तो इंजिन आणि चासीला जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीत. ती आतून गंजली होती.

एक साधा मल्टिमीटर आणि एक टेस्ट लॅम्प जवळ असेल, तर असा दोष घरच्या घरी सापडतो. खालची माहिती मेकॅनिकल पंपाच्या, 12 व्होल्टच्या जुन्या डिझेल पिकअपसाठी आहे.

आधी आवाज ऐका

डिझेल गाडीला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. तिथे कॉइल नाही, प्लगची ठिणगीही नाही. त्यामुळे 'स्टार्टिंगचा प्रॉब्लेम' म्हटले की चार ठिकाणे पाहायची: बॅटरी व केबल, सेल्फ, पंपावरचा स्टॉप सॉलिनॉइड आणि हीटर प्लग. यातले नेमके कुठे अडले, ते आवाजावरून बरेच कळते.

- काहीच आवाज नाही, डॅशबोर्डचे दिवेही नाहीत: टर्मिनल सैल, मुख्य फ्यूज उडालेला किंवा बॅटरी पूर्ण उतरलेली.
- दिवे लागतात, पण सेल्फ गप्प: चावीचा स्विच, रिले किंवा सेल्फकडे जाणारी बारीक वायर.
- 'टक टक टक' असा भराभर आवाज: बॅटरीत जोर नाही किंवा टर्मिनलला मळ आहे.
- एकच जोरात 'टक्': सेल्फचे कॉन्टॅक्ट किंवा कार्बन झिजले आहेत, नाहीतर जाड केबल किंवा अर्थ खराब आहे.
- सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही: डिझेल पोचत नाही, लाइनमध्ये हवा आहे किंवा थंडीत हीटर तापत नाहीत.

बॅटरीची खरी परीक्षा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दिवे न लावता, बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर मीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. 12.4 म्हणजे पाऊण. 12 किंवा त्याखाली असेल तर ती उतरलेली आहे, आधी चार्ज करा.

मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघत राहा. भरलेली बॅटरी असूनही आकडा 9.6 च्या खाली घसरत असेल, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. आकडा 11 च्या वर टिकला आणि तरीही सेल्फ रडत फिरतोय? मग बॅटरीला दोष देऊ नका. करंट वाटेत कुठेतरी अडतो आहे.

अर्थ कसा पकडायचा

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. स्टॉपची दोरी असेल तर ती ओढून धरा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे), दुसरे इंजिनच्या स्वच्छ बोल्टवर लावा. सेल्फ मारताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थ खराब. तशीच परीक्षा पॉझिटिव्ह खुंट आणि सेल्फच्या मोठ्या बोल्टमध्ये करा.

एक नवी बॅटरी काही महिन्यांतच का बसते, त्याचे उत्तर इथे आहे. सेल्फ आणि अल्टरनेटर दोघेही इंजिनवरच बसवलेले असतात. इंजिनची अर्थ पट्टी गंजली की सेल्फला करंट कमी मिळतो आणि बॅटरीही नीट भरत नाही. दोष एक, नुकसान दोन.

आपल्याकडचा पाऊस, लाल चिखल आणि गोव्याची खारी हवा यांनी या पट्ट्या लवकर खराब होतात. बोल्ट काढा, पट्टीची टोके आणि चासीची जागा सँडपेपरने चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. पट्टीच्या तारा तुटल्या असतील तर नवीच घाला.

मागच्या दिव्यांचेही तसेच. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, असे दिसले तर बहुतेक वेळा बल्बचा नव्हे, मागच्या लाइटच्या अर्थचा दोष असतो.

चार्जिंग आणि गळती

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. कमी असेल तर बेल्ट, मागची वायर आणि अल्टरनेटरचे कार्बन पाहा. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला. पुष्कळ जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद पडते. चावी लावल्यावर तो लागतो का, हे रोज बघा.

रात्रीत बॅटरी उतरते? चावी काढून, निगेटिव्ह केबल सोडवून मधे मीटर 10 अँपियरच्या खाचेत जोडा. या वेळी सेल्फ मारू नका, मीटर जळेल. 50 मिलिअँपियरच्या वर आकडा असेल तर एकेक फ्यूज काढत जा. आकडा पडला, तिथे गळती. म्युझिक सिस्टिम, जीपीएस, नंतर लावलेले जादा दिवे आधी तपासा. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर अल्टरनेटरची वायर सोडवून पाहा.

हे करू नका

- चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढून 'चार्जिंग बघणे' बंद करा. अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात.
- उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद नको. फ्यूज वाचला तरी वायरिंग पेटते.
- बॅटरीजवळ बिडी-काडी नको. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हातातले कडे, अंगठी काढून ठेवा.
- स्टॉप सॉलिनॉइडला करंट लागणारी गाडी बॅटरी पूर्ण मेल्यावर धक्का मारूनही चालू होणार नाही. घाटाच्या उतारावर हा प्रयोग तर नकोच.

यातून काही सुधारले नाही, तरी लिहून ठेवलेले आकडे वाया जात नाहीत. 'उभी असताना 12.6, सेल्फ मारताना 11.2, अर्थवर 1.3' असे सांगून गाडी इलेक्ट्रिशियनकडे नेली, की तो सरळ अर्थच्या पट्टीला हात घालतो आणि नव्या बॅटरीचे पैसे वाचतात.