विद्यार्थी-साहाय्याचा अर्ज आणि परकीयांचा शोध : अमेरिकेतील एका कलमाचा इतिहास

अमेरिकेच्या उच्च शिक्षण अधिनियमावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ८ नोव्हेंबर १९६५ रोजी स्वाक्षरी केली, ती टेक्सासातील सॅन मार्कोस येथे, ज्या महाविद्यालयात ते स्वतः शिकले होते तेथे. पैशावाचून कोणाचे शिक्षण अडू नये, हा त्या अधिनियमाचा हेतू. १९९२ च्या दुरुस्तीने संघराज्याच्या साहाय्यासाठी एकच विनाशुल्क अर्ज रूढ झाला. 'फाफ्सा' या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. गरज ठरवावयाची तर कुटुंबाचे उत्पन्न कळले पाहिजे. त्यामुळे अर्ज विद्यार्थ्याचा असला तरी त्यातील पुष्कळशी माहिती आईबापांची असते. प्रस्तुत विषयाचे मर्म येथेच आहे.

ज्यांना अमेरिकेत राहण्याचा परवाना नाही त्या विद्यार्थ्यांना हे साहाय्य मुळातच मिळत नाही. प्रश्न उद्भवतो तो अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या मुलांच्या बाबतीत. परवाना नसतो त्यांच्या आईला किंवा बापाला. पालकाचे नागरिकत्व अर्जात विचारीत नाहीत. मात्र सामाजिक सुरक्षा क्रमांक विचारतात, आणि ज्याला तो नाही त्याने त्या जागी नऊ शून्ये लिहावीत, अशी सूचना अनेक वर्षे होती. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला येथे पाणिनीच्या लोपाची आठवण व्हावी. प्रत्यय दिसत नसला तरी त्याचे कार्य होतेच. तशी ही शून्येही त्या माणसाविषयी काही सांगून जातात. अर्थात क्रमांक नसणे म्हणजे परवाना नसणे नव्हे. परदेशी राहणाऱ्या पालकाला तो नसतो, नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याच्या पत्नीलाही सहसा नसतो. परंतु शोध घेणारा इतका विवेक करीलच असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या अर्जात तर अशा पालकाला स्वतःच्या नावाने खाते उघडणे भाग पडले.

या माहितीला संरक्षण आहे ते मुख्यतः अधिनियमाच्या ४८३ व्या कलमाचे. अर्जातील माहिती केवळ साहाय्याचा अर्ज, मंजुरी व व्यवस्था यांसाठी वापरावी, असा त्याचा आशय. सारा भार 'केवळ' या एका अव्ययावर. १९७४ चा खासगीपणाचा कायदाही आहे. परंतु त्यातील 'व्यक्ती' या संज्ञेत नागरिक आणि कायम वास्तव्याचा परवाना मिळालेले परकीय एवढेच येतात. ज्या आईबापांना संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, ती त्या कायद्याच्या लेखी व्यक्तीच नव्हेत. व्याख्येने माणूस वगळण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच आढळेल.

'केवळ' या शब्दाचा पूर्वेतिहास मात्र विश्वास वाढविणारा नाही. लष्करभरतीच्या यादीत नाव न नोंदविणाऱ्या तरुणांना साहाय्य नाकारावे, असा कायदा १९८२ मध्ये झाला व सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो उचलून धरला. ही सांगड २०२० च्या दुरुस्तीपर्यंत टिकली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर संघीय अन्वेषण विभागाने काही नावे शिक्षण खात्याच्या साहाय्य-नोंदींशी ताडून पाहिली. हे २००६ मध्ये उजेडात आले, तेही पत्रकारितेच्या एका विद्यार्थिनीच्या चिकाटीमुळे. त्याहून जुने व गंभीर उदाहरण जनगणनेचे होय. १९४० च्या जनगणनेतील उत्तरे गुप्त राहतील असे आश्वासन होते. मार्च १९४२ च्या युद्धाधिकार कायद्याने ते बाजूस सारले. आणि १९४३ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील जपानी वंशाच्या लोकांची नावे व पत्ते गुप्तचरांना पुरविण्यात आले, असे मार्गो अँडरसन व विल्यम सेल्ट्झर यांनी २००७ मध्ये सप्रमाण दाखविले. येथे कायदा मोडला गेला नाही, बदलला गेला. आणि उत्तरे तर आधीच दिलेली होती.

एप्रिल २०२५ मध्ये करखाते व अंतर्गत सुरक्षा खाते यांच्यात करदात्यांची माहिती देण्याविषयी करार झाला. करविषयक गुप्तता अमेरिकेत फार कडक मानली जाते. तिला वाट फुटते तर साहाय्याच्या अर्जाचे काय, असे पालकांना वाटल्यास नवल नाही. कॅलिफोर्नियाने २०११ च्या कायद्यांन्वये परवाना नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी राज्याचे साहाय्य खुले केले. त्यासाठी असलेला राज्याचा निराळा अर्ज २०२४ मध्ये अशा कुटुंबांतील नागरिक विद्यार्थ्यांनाही भरता येऊ लागला. जो तेवढाच अर्ज भरतो त्याला राज्याचे साहाय्य मिळते, परंतु नागरिक म्हणून ज्यावर त्याचा हक्क आहे ते संघराज्याचे पेल अनुदान सुटते. २०२४-२५ मध्ये ते वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होते.